तीनशे वॉट की शंभर? एकाच तोडीच्या पॉवर ॲम्पमधून निवड करताना

उंची पॉवर ॲम्पच्या, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या, निवडीबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. सारख्या पत्रांतून एकेक निवडून उत्तरं दिली आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलं आहे, कारण बाकीच्या निम्म्या पत्रांचं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न (पुणे): बैठकीची खोली १४ बाय १८ फूट. बसायची जागा स्पीकरपासून साधारण १० फुटांवर. स्पीकर बॉवर्स अँड विल्किन्सचे ८०४ डी४. वेगळा प्रीॲम्प (पॉवर ॲम्पआधी आवाज कमी-जास्त करणारं उपकरण) नाही. डॅकमध्येच (डिजिटल संगीताचं ध्वनी-सिग्नलमध्ये रूपांतर करणारं उपकरण) व्हॉल्यूम आहे आणि तो एक्सएलआरवर (तीन पिनांची बॅलन्स्ड जोडणी) ४ व्होल्ट देतो. ब्रायस्टन ४बी क्यूब्ड, पॅरासाउंड हेलो ए २१ प्लस आणि बेंचमार्क एएचबी२ या तिघांवर गाडी अडली आहे. पहिले दोन ३०० वॉटचे, तिसरा १०० वॉटचा. ऐकणं मुख्यतः हिंदुस्थानी गायन, अधूनमधून पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा. विक्रेता म्हणतो, १०० वॉट या स्पीकरला पुरायचे नाहीत. खरं काय?

उत्तर: आधी वॉटचा हिशेब करू. ३०० वॉट म्हणजे १०० च्या तिप्पट, पण कानाला तिप्पट नव्हे. दुप्पट वॉटला ३ डेसिबल मिळतात, दहापट वॉटला १०. त्यामुळे १०० आणि ३०० मधला फरक ४.८ डेसिबलचा. जाणवण्याइतका आहे, पण आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात.

आता तुमची खोली. ८०४ डी४ ची संवेदनक्षमता ८९ डेसिबल, म्हणजे २.८३ व्होल्ट दिले की १ मीटरवर तेवढा आवाज. मोकळ्या मैदानात ३ मीटरवर यातले ९.५ डेसिबल कमी झाले असते. बंद खोलीत भिंती त्यातले काही परत देतात, शिवाय स्पीकर दोन आहेत. हात आखडता ठेवून धरलं तरी दर स्पीकरला १ वॉट दिल्यावर तुमच्या खुर्चीत ८५ डेसिबल मिळतात. १०० वॉटला त्यात २० मिळवा, म्हणजे १०५. ३०० वॉटला जवळपास ११०.

घरात मन लावून गाणं ऐकताना सरासरी पातळी ७५ ते ८० डेसिबलच्या आसपास असते. तबल्याची थाप किंवा ऑर्केस्ट्राचा कल्लोळ त्याच्या १५ ते २० डेसिबल वर जातो. म्हणजे गरज ९० ते १०० ची आणि १०० वॉटच्या ॲम्पकडे १०५ आहेत. ख्याल-ठुमरीसाठी तो पुरून उरेल. ऑर्केस्ट्रा मात्र सभागृहात पुढच्या रांगेत बसल्यासारखा ऐकायची सवय असेल, तर शिखरं १०५ ला टेकतील आणि तिथे ३०० वॉट उपयोगी पडतील. विक्रेत्याचं म्हणणं फक्त या एका परिस्थितीत खरं आहे.

विक्रेता ज्याला ‘स्पीकर अवघड आहे’ म्हणतो ती बाब वॉटची नसून करंटची असते. ८०४ डी४ वर ८ ओहम लिहिलं असलं तरी कंपनीच त्याचा किमान अडथळा ३ ओहम सांगते. २८.३ व्होल्ट ८ ओहमवर १०० वॉट देतात आणि करंट साडेतीन अँपियर लागतो. तेच व्होल्ट ३ ओहमच्या खळग्यात गेले की करंट साडेनऊ अँपियरच्या जवळ पोचतो. म्हणून माहितीपत्रकात ८ ओहमचा आकडा पाहून थांबू नका, ४ ओहमचा पाहा. एएचबी२ चा तो १९० वॉट आहे, बाकी दोघांचा ५००. तिघांपैकी एकही ४ ओहमला लटपटत नाही.

इथे एक गैरसमज घट्ट रुजला आहे: ४ ओहमला वॉट बरोबर दुप्पट झाले तरच ॲम्प अस्सल. तसं नाही. ८ ओहमचा आकडा मुद्दाम कमी लिहिला की कोणताही ॲम्प कागदावर दुप्पट होतो. उलट मॅकिंटॉशचा एमसी४६२ आउटपुटला ऑटोफॉर्मर (एक प्रकारचा ट्रान्सफॉर्मर) लावून ८, ४ आणि २ ओहमला सारखेच ४५० वॉट देतो. म्हणून तो दुबळा ठरत नाही. तुमच्या स्पीकरच्या सर्वांत खोल खळग्यात तुम्हाला हवे तेवढे व्होल्ट टिकतात का, एवढंच तपासायचं.

यानंतरचा मुद्दा आहे गेनचा, आणि रोजच्या वापरात फरक पडतो तो इथेच. तुमचा डॅक ४ व्होल्ट देतो. २९ डेसिबल गेन म्हणजे व्होल्टेजची सुमारे २८ पट वाढ. ४ व्होल्टचे ११२ होतील. पण ३०० वॉटच्या ॲम्पला पूर्ण ताकदीला ४९ व्होल्टच लागतात. मग व्हॉल्यूम कायम तळाशी ठेवावा लागतो, आणि डॅकचा स्वतःचा बारीक सुस्कारा मात्र २८ पटींनी वाढून ट्वीटरमधून (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरमधून) येत राहतो. ब्रायस्टनच्या मागे २३ आणि २९ डेसिबलचा खटका आहे, तो २३ वर ठेवा: साडेतीन व्होल्टला पूर्ण ताकद. पॅरासाउंडला मागच्या बाजूला दोन्ही चॅनलचे वेगळे लेव्हल नॉब आहेत, ते खाली आणता येतात. मात्र दोन्ही सारखे आणायला मल्टिमीटर लागेल, नॉबवरच्या खुणेवर विसंबू नका. एएचबी२ ला तीन पायऱ्या आहेत: साधारण ९, १७ आणि २३ डेसिबल. मधल्या पायरीवर ४ व्होल्टचे २८.३ होतात, म्हणजे नेमके १०० वॉट. तुमच्या डॅकशी याहून चांगला मेळ शोधून सापडणार नाही.

आवाजाच्या तळाबद्दल थोडं. एएचबी२ चं सिग्नल आणि खरखर यांचं गुणोत्तर १३२ डेसिबल दिलं आहे, आणि आकडा पाहून लोक हरखतात. पण ११० डेसिबलचा ३०० वॉटी ॲम्पसुद्धा आउटपुटला दीडशे मायक्रोव्होल्टच्या आसपासच खरखर सोडतो; ८९ डेसिबलच्या स्पीकरमध्ये ती १ मीटरवर ४ डेसिबलसुद्धा भरत नाही. रात्री दोनला पंखा बंद करूनही ती ऐकू येणार नाही. हा आकडा खरोखर कामाला येतो १०० डेसिबलच्या पुढच्या हॉर्न स्पीकरला. तुमच्याकडे त्यासाठी जादा पैसे मोजू नका. गेन नीट जुळवा, खरखर तिथेच मरते.

आमचा कौल असा. या खोलीत, या ऐकण्याला एएचबी२ घ्या. वजन सहा किलोच्या आत आहे, मांडणीवर कुठेही बसतो. एक लक्षात ठेवा, त्याला फक्त एक्सएलआर इनपुट आहे. पुढेमागे आरसीएवाला (साध्या दोन तारांच्या जोडणीचा) फोनो, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरचा प्रीॲम्प, किंवा दुसरा प्रीॲम्प जोडायचा झाला तर तशी केबल बनवून घ्यावी लागेल. ऑर्केस्ट्रा जोरात ऐकणं हीच खरी हौस असेल, किंवा दोन वर्षांत मोठ्या हॉलच्या घरात जायचं ठरलं असेल, तर ३०० वॉटवाल्यांकडे वळा. त्या दोघांमध्ये आवाजावरून निवड करायला फारसं काही उरत नाही. पुण्यात किंवा मुंबईत त्याचा बोर्ड उघडून दुरुस्त करणारा कोण आहे, सुटे भाग किती दिवसांत येतात, आणि ३० किलोच्या आसपासचा डबा बिघडला तर न्यायचा-आणायचा खर्च कोणाचा, हे लेखी विचारा. ज्याचं उत्तर स्पष्ट येईल तो घ्या.

प्रश्न (ठाणे): दोन ॲम्प आवडले आहेत. एकाचा डॅम्पिंग फॅक्टर २००, दुसऱ्याचा १०००. किंमत जवळपास तीच. १००० वाल्याचा बास पाचपट आटोक्यात राहील ना? शिवाय एक मित्र व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प घ्यायला सांगतो आहे.

उत्तर: पाचपट नाही, पाच टक्केही नाही. डॅम्पिंग फॅक्टर म्हणजे ८ ओहमला ॲम्पच्या आउटपुट अडथळ्याने भागून आलेला आकडा. २०० म्हणजे ०.०४ ओहम, १००० म्हणजे ०.००८. आता मध्ये तुमची वायर येते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा अडथळा मीटरला सुमारे ०.००७ ओहम. ४ मीटर लांब जोडवायर म्हणजे जाणं-येणं मिळून ८ मीटर, अर्थात ०.०५५ ओहम. बेरीज करा: एकीकडे ०.०९५, दुसरीकडे ०.०६३. त्यापुढे खुद्द स्पीकरच्या कॉइलचा पाच-सहा ओहम अडथळा आहेच. पडद्याला लगाम घालण्यात त्याचाच वाटा सर्वांत मोठा.

समजा स्पीकरचा अडथळा कुठे ३ तर कुठे २० ओहम आहे. पहिल्या ॲम्पने त्या दोन जागांमध्ये पाव डेसिबलपेक्षा किंचित कमी फरक पडेल, दुसऱ्याने ०.१५ च्या आसपास. दोघांतला फरक ०.१ डेसिबलच्याही आत. तो पुसून टाकायचा असेल तर ६ चौरस मिलिमीटरची वायर टाका.

व्हॉल्व्हची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती खरी आहे. बऱ्याच व्हॉल्व्ह ॲम्पचा आउटपुट अडथळा १ ते ३ ओहम असतो. २ ओहम धरा: त्याच स्पीकरवर ३ ओहमच्या जागी ४.४ डेसिबल गळतात, २० ओहमच्या जागी ०.८. म्हणजे ३.६ डेसिबलचा चढउतार, कोणालाही ऐकू येईल असा. अनेकांना भावणारा ‘गोडवा’ बराचसा यातून येतो. तो आवडणं गैर नाही. पण तो त्या ॲम्प-स्पीकर जोडीचा गुण आहे. स्पीकर बदलला की चढउतार दुसऱ्याच जागी जातो. म्हणून व्हॉल्व्हचा ॲम्प स्वतःच्या स्पीकरवर ऐकल्याशिवाय घेऊ नये, सॉलिड-स्टेटचा (ट्रान्झिस्टरचा) एकवेळ चालेल.

प्रश्न (कोल्हापूर): विक्रेता दोन ॲम्प तीन दिवस घरी द्यायला तयार आहे. नीट तुलना कशी करावी?

उत्तर: अशी संधी सगळ्यांना मिळत नाही, ती फुकट घालवू नका. सामान थोडंच लागतं: दोन दशांश स्थळांपर्यंत एसी व्होल्ट दाखवणारा मल्टिमीटर, १०० ते ४०० हर्ट्झमधला एक स्थिर सूर आणि मदतीला एक माणूस. १००० हर्ट्झचा सूर टाळा. स्वस्त मीटर ४०० च्या पुढे एसीत चुकायला लागतात.

सगळं काम आवाजाची पातळी जुळवण्यावर अवलंबून आहे. अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला ॲम्प ‘मोठा’ वाटत नाही, तो ‘स्वच्छ’, ‘मोकळा’, ‘पुढे येणारा’ वाटतो. दोन्ही ॲम्पवर २९ डेसिबल छापलेलं असलं तरी प्रत्यक्षात दोन-तीन दशांश इकडेतिकडे असतातच, आणि एक २३ चा असेल तर तुलनेला अर्थच उरत नाही. सूर लावा, स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर धरा आणि पहिल्या ॲम्पला २.०० व्होल्ट आणा. व्हॉल्यूमचा आकडा लिहून ठेवा. दुसऱ्यालाही २.०० आणा. २.०२ चालेल, ती ०.१ डेसिबलच्या आत येते, २.०५ चालणार नाही. डावा-उजवा दोन्ही मोजा. व्हॉल्यूम अर्ध्या डेसिबलच्या पायऱ्यांनीच हलत असेल, तर ॲम्पला लेव्हल नॉब आहे का ते पाहा. नसेल, तर उरलेला फरक कोणाच्या बाजूने आहे ते लिहून ठेवा आणि निकाल वाचताना तो ध्यानात घ्या. दोन्ही ॲम्पना जोडणी एकाच प्रकारची द्या. एकाला एक्सएलआर, दुसऱ्याला आरसीए दिलंत तर बहुतेक उपकरणांत तिथेच ६ डेसिबलचा घोळ होतो.

वायर बदलताना दोन्ही ॲम्प बंद असले पाहिजेत. बाजारात मिळणारा स्पीकर सिलेक्टर मध्ये घालायचा मोह होईल. त्यात एक धोका आहे: पुष्कळ सिलेक्टरमध्ये दोन्ही ॲम्पचे काळे टर्मिनल आतून एकत्र जोडलेले असतात. ब्रिज (दोन भाग मिळून एकच स्पीकर चालवणाऱ्या) किंवा बॅलन्स्ड आउटपुटच्या ॲम्पमध्ये काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंड नसतं, त्यावरही पूर्ण सिग्नल असतो. ते दुसऱ्या ॲम्पच्या ग्राउंडला टेकलं की आउटपुटचा भाग क्षणात जळू शकतो. लाल-काळी दोन्ही टोकं तोडणारा आणि आधी तोडून मग जोडणारा सिलेक्टर असेल तरच वापरा. नाहीतर वायर हातानेच बदला. अर्धा मिनिट जातो, पण ॲम्प विक्रेत्याला धड परत जातात.

दोन्ही ॲम्प अर्धा-पाऊण तास चालू ठेवून मगच ऐका. १० ते १५ सेकंदांचे तुकडे निवडा. तानपुऱ्याच्या जोडीवर सुरू होणारी आलापी घ्या, तिथे तळाची खरखर आणि षड्जाची स्थिरता दोन्ही उघडी पडतात. आणि एक दाट जागा घ्या जिथे तबल्याचा बायाँ, हार्मोनियम आणि आवाज एकत्र आहेत. पहिला दिवस उघड्या डोळ्यांनी ऐकण्यात घालवा आणि कुठे फरक वाटतो ते टिपा. दुसऱ्या दिवशी मदतनीसाला नाणं उडवून ॲम्प लावायला सांगा. ॲम्प तुमच्या नजरेआड हवेत आणि मदतनीसाने बोलायचं नाही. १६ वेळा ओळखा. १२ किंवा अधिक बरोबर आले तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आत असते; फरक खरा समजा आणि आवडेल तो घ्या. आठ-नऊ बरोबर आले तर फरक ऐकू येत नाही असं धरा, आणि निवड दुरुस्तीची सोय, वजन, उष्णता, किंमत यांवर करा. अशा निकालाने नाराज होण्याचं कारण नाही. उरलेल्या पैशात खोलीला जाड पडदे, गालिचा आणि पहिल्या परावर्तनाच्या जागी दोन शोषक फळ्या येतात, आणि त्यांचा फरक १६ पैकी १६ वेळा ओळखू येतो.

प्रश्न (मुंबई): एएचबी२ एक आहे. दुसरा घेऊन दोन्ही ब्रिज केले तर ३८० वॉट मिळतात असं वाचलं. स्पीकर ४ ओहमचे आहेत. करावं का?

उत्तर: करू नका. ब्रिज केल्यावर प्रत्येक अर्ध्याला स्पीकरचा अडथळा निम्मा दिसतो. तुमचे ४ ओहम त्याला २ दिसतील, आणि स्पीकरचा खळगा ३ ओहमचा असेल तर दीड. ३८० वॉट हा ८ ओहमचा आकडा आहे. तुमच्या जोडणीत संरक्षण सर्किट मध्येच ॲम्प बंद पाडू शकतं, तेही नेमक्या जोरकस जागेवर. जास्त ताकद खरोखर हवी असेल तर आहे तो विकून ४ ओहमला ५०० वॉट देणारा एकच ॲम्प घ्या.

प्रश्न (कुडाळ): जवळपास दीड केव्हीएचा टोरॉइड (कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर) असलेला एबी वर्गाचा (नेहमीच्या पद्धतीचा) ॲम्प घ्यायच्या विचारात आहे. डेमोचा ॲम्प लावला तर घरातला एमसीबी पडतो. व्होल्टेज रात्री २५५ पर्यंत चढतं, संध्याकाळी २०५ ला उतरतं. शिवाय आमच्याकडची हवा. की एसएमपीएसवालाच (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंग पुरवठा असलेला) घ्यावा?

उत्तर: एमसीबी पडतो म्हणून ॲम्प नापास करू नका. मोठा टोरॉइड चालू होताना एक-दोन अर्ध्या आवर्तनांपुरता कितीतरी अँपियर ओढतो. बी प्रकारचा एमसीबी लिहिलेल्या आकड्याच्या ३ ते ५ पटीला लगेच पडतो, सी प्रकारचा ५ ते १० पटीला. वितरण पेटीपासून ॲम्पपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, सी-१६ एमसीबी आणि १६ अँपियरचा प्लग, एवढं वायरमनकडून करून घ्या. आहे त्या बारीक वायरवर नुसता मोठा एमसीबी बसवू नका. मग एमसीबीच्या आधी वायर तापेल. ॲम्पला सॉफ्ट स्टार्ट असेल तर चालू केल्यावर थोड्या वेळाने आत रिलेचा ‘टक्’ ऐकू येतो. बंद करून लगेच पुन्हा चालू करू नका, आतला थर्मिस्टर थंड व्हायला मिनिटभर द्या. तापलेला असताना तो झटका अडवत नाही.

व्होल्टेज कमी होण्याची काळजी करू नका. १० टक्के कमी झालं तर ॲम्पची कमाल ताकद सुमारे १९ टक्के घटते, म्हणजे ०.९ डेसिबल. ते कळणारही नाही. धोका रात्रीच्या २५५ चा आहे. रेग्युलेटर नसलेल्या सप्लायमध्ये कपॅसिटरवरचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात वर जातं, आणि उत्पादकाने तिथे मोकळी जागा थोडीच ठेवली असेल तर ते लवकर सुजतात. २ ते ३ केव्हीएचा सर्वो स्टॅबिलायझर (मोटरने व्होल्टेज सलग सावरणारा) बसवा. रिलेचा नको; तो गाण्याच्या मध्ये पायरी बदलतो आणि दिव्यांसकट सगळं हलतं. सोबत पेटीतच टाइप २ सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्या, पावसाळ्याआधी. ८८-९० पासून २६० व्होल्टच्या पुढेपर्यंत चालणारा एसएमपीएसवाला ॲम्प घेतलात तर स्टॅबिलायझर लागणार नाही, सर्ज प्रोटेक्टर तरीही लागेल. तुमच्या गावी ही मोठीच सोय आहे, आणि दोन ॲम्प आवाजात बरोबरीचे वाटत असतील तर पारडं याच बाजूला झुकू द्या.

खाऱ्या, दमट हवेत सर्वांत आधी जातात ते स्पीकर रिलेचे संपर्क. लक्षण ठरलेलं: हळू आवाजात एक चॅनल क्षीण किंवा चरचरणारा, आवाज वाढवला की अचानक साफ. रिले बदलणं स्वस्त असतं, पण तो सॉकेटवर आहे की डाखलेला, हे घेण्याआधी पाहा. वायरच्या टोकाला लावायचे उघड्या तांब्याचे स्पेड हिरवे पडतात. मुलामा दिलेले घ्या आणि दर पावसाळ्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी ॲम्प तासभर चालवा. एसीने गार झालेल्या खोलीची खिडकी उघडून लगेच ॲम्प चालू करू नका, गार धातूवर दव धरतं. आणि झरोक्यांखाली बारीक स्टीलची जाळी अंतर ठेवून लावा. उबेला येणारी पाल मुख्य सप्लायच्या बोर्डावर आडवी झाली की तिच्याबरोबर बोर्डही जातो.

प्रश्न (नाशिक): नव्या ॲम्पमधून बारीक ‘हूं’ येतं. परत करावा का? ओळखीचा इलेक्ट्रिशियन म्हणतो प्लगची तिसरी पिन काढा, जाईल.

उत्तर: पिन काढू नका. आत कुठे इन्सुलेशन फाटलं तर तीच पिन ॲम्पच्या डब्यावर आलेले २३० व्होल्ट जमिनीत नेते. ती नसेल तर ते तुमच्या हातातून जातील.

आधी ‘हूं’ कुठून येतं ते ठरवा. स्पीकरच्या वायर काढूनही डब्यातूनच घूं-घूं येत असेल, तर ट्रान्सफॉर्मर थरथरतो आहे. टोरॉइडला हे पुरवठ्यातल्या थोड्याशा डीसीमुळे होतं. घरात किंवा शेजारी हेअर ड्रायर निम्म्या उष्णतेवर लावला की वाढतं का ते पाहा. वाढत असेल तर ॲम्प निर्दोष आहे. जाणकाराकडून डीसी ब्लॉकर बसवून घ्या. सर्वो स्टॅबिलायझरने हे जात नाही.

आवाज स्पीकरमधून असेल तर ॲम्प बंद करून इनपुटच्या सगळ्या केबल काढा आणि पुन्हा चालू करा. तरीही येत असेल आणि सूर थोडा चढा, १०० हर्ट्झचा असेल, तर सप्लायचे कपॅसिटर किंवा आतली जोडणी. ॲम्प परत करा. केबल काढल्यावर गेला आणि सूर खर्जातला, ५० हर्ट्झचा होता, तर अर्थचा फेरा झाला आहे. एकेक केबल लावत जा. बहुतेक वेळा सेट-टॉप बॉक्सची डिश किंवा केबलची कोअक्स वायर गुन्हेगार निघते, कारण ती इमारतीच्या दुसऱ्याच अर्थवरून येते. ती उपसून पाहा. ‘हूं’ गेलं तर तिथे आयसोलेटर लावा. दुसरा नेहमीचा संशयित लॅपटॉपचा चार्जर. सगळी उपकरणं एकाच बोर्डवर घ्या, आणि शक्य तिथे आरसीएऐवजी एक्सएलआर वापरा.

प्रश्न (नागपूर): ५० वॉटचा ए वर्गाचा (सतत पूर्ण करंट वाहू देणारा) जुना ॲम्प चांगल्या भावात मिळतो आहे. त्याच पैशात डी वर्गाचा (ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद करणारा) नवा १८५ वॉटचा एनएडी सी २९८ येतो. आमचा उन्हाळा पाहता?

उत्तर: ए वर्ग नुसता चालू असतानाच सर्वांत जास्त तापतो. दोन चॅनलचे मिळून १०० वॉट द्यायला त्याने सिद्धांताप्रमाणेच किमान २०० वॉट सतत जाळावे लागतात, प्रत्यक्षात ३०० ते ४००. ३५० वॉट, रोज चार तास म्हणजे महिन्याला ४२ युनिट, शिवाय ती उष्णता बाहेर काढायला एसीचा खर्च वेगळा. हीटसिंक खोलीपेक्षा २५-३० अंश वर चालतं. मे महिन्यात खोलीच ३८ ला असेल तर आतले कपॅसिटर ७० च्या घरात जातात. त्यांचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की निम्मं होतं. तुमच्याकडे हे गणित पुण्यापेक्षा कडक आहे.

तरी घ्यायचाच असेल तर अर्धा तास तापवून, इनपुट काहीही न लावता, स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत ठीक, १०० च्या वर असेल तर बाजूला व्हा. मोठे कपॅसिटर वरून फुगले आहेत का, बुडाशी तपकिरी ओल आहे का पाहा. पंधरा वर्षांहून जुना असेल तर सगळे इलेक्ट्रोलिटिक बदलण्याचा खर्च किमतीत धरा. आणि स्पीकर ४ ओहमचे असतील तर ‘५० वॉट शुद्ध ए’ हे खरं राहत नाही: ८ ओहमला ५० वॉटपर्यंत ए वर्गात ठेवणारा बायस (आतून कायम वाहणारा करंट) ४ ओहमला २५ वॉटपर्यंतच पुरतो, पुढे तो एबीच होतो.

डी वर्गाबद्दलची जुनी तक्रार अशी होती की आउटपुटचा फिल्टर फीडबॅकच्या (आउटपुट तपासून चूक सुधारणाऱ्या फेऱ्याच्या) बाहेर असल्याने स्पीकर बदलला की वरचे सूर बदलत. हायपेक्सच्या एनकोअरने आणि सी २९८ मध्ये असलेल्या प्युरिफायच्या आयगेनटाक्टने फीडबॅक फिल्टरच्या पलीकडून घेतला आणि ती तक्रार मिटवली. ५० आणि १८५ वॉटमध्ये ५.७ डेसिबलचा फरक आहे. नागपूरला आम्ही सी २९८ घेऊ.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): पुढच्या वर्षी पुण्यात परततो आहोत. ॲम्प इथेच घ्यावा का?

उत्तर: एसएमपीएसचा, १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला असेल तर घ्या, तिकडे फक्त पॉवर कॉर्ड बदलेल. टोरॉइडचा असेल तर त्याच्या प्रायमरीला ११५ आणि २३० अशा दोन जोडण्या आहेत का, आणि बदल मालकाने केलेला चालतो की सर्व्हिस सेंटरनेच करायचा, हे आधी कंपनीकडून लेखी घ्या. फक्त १२० व्होल्टचाच असेल तर पुण्यात २ केव्हीएचा स्टेप-डाउन कायमचा गळ्यात पडतो, आणि ६० हर्ट्झपुरताच बेतलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, घुमतोही. ए २१ प्लससारखा ॲम्प खोक्याशिवायच ३२ किलोच्या आसपास भरतो, आणि विमानात एका नगाची कमाल मर्यादाही बहुधा ३२ च असते. तो घरसामानाबरोबर जहाजानेच पाठवावा लागेल. वॉरंटी बहुतेक कंपन्यांची खरेदीच्या देशापुरती असते. भारतातल्या अधिकृत वितरकाला मॉडेल आणि सीरियल नंबर कळवून, पैसे देऊन का होईना, दुरुस्ती करणार का ते पैसे भरण्याआधी विचारा.